नगण्य

मेजर स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत आला, तेव्हाच उपसंपादकाच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. एरवी सैन्याचं निवेदन मेजर फोनवरूनच द्यायचा. आज मात्र सकाळी सकाळीच तो टोपी काखेत धरून दारात उभा होता.

"या, मेजरसाहेब," उपसंपादक खुर्चीतूनच म्हणाला. "आज काय, नगण्यच ना?"

तो शब्द त्याचाच. लढाईच्या सुरुवातीला निवेदनात 'आपल्या बाजूची काही प्रमाणात प्राणहानी' असं आलं होतं. मथळा एका ओळीत मावेना. त्याने सरळ कात्री लावली आणि लिहिलं, 'आपली हानी नगण्य'. ओळ चपखल बसली. मेजरला शब्द इतका आवडला की पुढे निवेदनातच 'नगण्य' यायला लागलं. नेमके किती गेले हे तिकडून कोणी सांगेना आणि इकडून कोणी विचारीना. दोघांचंही छान जमलं होतं. कचेरीतली मंडळी उपसंपादकाला नगण्यराव म्हणायची. त्यालाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

घरी त्या शब्दावर दिवस निघत होता. मुलगा आघाडीवर होता. त्याची खुशाली येईनाशी झाल्यापासून बायकोच्या घशाखाली घास उतरत नव्हता. सकाळी पेपर आला की ती आधी तीच ओळ शोधायची. इतर पेपरांवर तिचा विश्वास नव्हता. हा नवऱ्याच्या हातचा, म्हणजे खरा. शब्द केवळ जागेत बसतो म्हणून घेतलाय, हे त्याने तिला कधी सांगितलं नाही.

मेजर बसला नाही. टेबलावर आजचा अंक पडला होता. त्यावरच्या मथळ्याकडे त्याने पाहिलं आणि नजर वळवली. काल चौकीवर तोफगोळे पडले, म्हणाला. मग कोणी न विचारताच त्याने आकडा सांगितला.

"चौदा गेले. त्यांत तुमचा मुलगा आहे."

उपसंपादकाने अंक पुढे ओढला. मथळा त्याच चौकीच्या बातमीचा होता. काल त्यानेच लावला होता.

तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटत होता.

"अहो, वाचलं. आज पण नगण्यच आहे. आत्ता कुठे दोन घास खाल्ले बघा."