शकुबाईची अंगाई

खर्रा नुसता दिसला तरी शकुबाईला मळमळायचं. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून पाटावर घासत बसणारा नवरा तिनं जन्मभर सोसला होता. मुलाला, निकेशला, मात्र तिनं खर्रा घरात आणायला बंदी केली होती.

सून रंजीता धानाच्या रोवणीला जाऊ लागली आणि तान्हा नातू दिवसा डोळाच मिटेना. शकुबाईची पोरं बांधावरच्या झोळीत पडल्या पडल्या झोपायची. या पोरापुढं तिच्या साऱ्या अंगाया हरल्या. रडून रडून त्याचा गळा बसला.

"आई, असंच राह्यलं तर मले रोवणी सोडा लागन," रंजीता म्हणाली.

एका दुपारी निकेश पडवीत चोरून खर्रा घोटत बसला. शकुबाई झाडू घेऊन धावली, तर पाळण्यातलं रडणं बंद. त्या खर्र खर्र आवाजानं पोरगा झोपला होता.

"आता थांबला काऊन? घोट," ती नाक दाबून म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून निकेश कामावर गेला की तोंडाला पदर बांधून तीच घोटू लागली. नुसत्या सुपारीनं पोरगा फसेना. तंबाखू-चुना पडला तेव्हाच आवाज जमला. ती घाण संध्याकाळी दोन बोटांनी उचलून ती निकेशपुढं टाकायची.

काल पानठेलेवाला गोपाल दारात उभा राहिला.

"बाई, मलेही घोटून देत जा. निकेशभाऊ तुमच्या हातचा खर्रा गावभर वाटून राह्यला, तवापासून माह्या ठेल्यावर कोणी येऊनच नाई राह्यलं."