खुणेची कबर

बहात्तरच्या दुष्काळात बुजलेल्या विहिरी हुडकायला सर्वेअर मल्लप्पा ऐंशी वर्षांपूर्वीचा छापील नकाशा घेऊन वैरागजवळच्या माळावर आला. नकाशात विहीर होती आणि खुणेला काठावर एक कबर.

माळावर ताज्या मातीचा ढीग होता. शेजारच्या खड्ड्यातून टिकावाचे घाव ऐकू येत होते. वर काठावर चांदसाब नावाचा शेतकरी बसला होता.

"इथली जुनी विहीर कुठंय?"

"जुनी कुटली वो? हीच हाय, परवा खणाय घेतलीया की."

मल्लप्पानं नकाशा पुन्हा पाहिला. जागा तीच होती. कबरीपुढं बारीक अक्षरात नावही छापलेलं होतं.

"मग पीरसाबची कबर?"

चांदसाब ताडकन उठला. "तोंड सांभाळा सायेब! माजा भाऊ हाय पीरसाब. ह्यो काय, खाली खणतोय..."

बोलता बोलता तो खड्ड्याकडं वळला.

खालचा टिकाव थांबला होता.