देव्हाऱ्यातला घोडेस्वार

एका म्हातारीकडे जुनी पदकं बघायला आलेल्या कर्णिकांना देव्हाऱ्यात, भंडाऱ्याने माखलेल्या टाकांमध्ये तो घोडेस्वार दिसला आणि ते वाकून निरखू लागले. हा तर गोऱ्या पलटणीच्या टोपीवरचा बिल्ला! याच्यासाठी तीस वर्षं बाजार पालथे घातले होते.

"आमचा खंडोबा. पणजोबांनी लढाईवरून आणलेला," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

ताडून बघायला बाळगलेला नकली बिल्ला कर्णिकांच्या खिशात होता. त्याला भंडारा फासून अदलाबदल क्षणात झाली. चहा अर्धाच टाकून ते निघाले.

घरी भिंगाखाली तो अस्सल निघाला, तरी जिवाला चैन पडेना. दिवसातून दहादा कपाट उघडून बघत.

रविवारी सकाळीच संग्राहक मित्र आला. "आण, ही हळद पुसू," म्हणत त्याने रुमाल काढला.

कर्णिकांनी त्याचं मनगट धरलं. "आंघोळ झालीय ना तुझी?"