साध्या गोळ्या

सकीनाच्या टाचेत काटा मोडला आणि चार दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. अशाच जखमेने तिच्या आईचा पाय कापावा लागला होता. तेव्हा औषध कारखान्यांचं सांडपाणी नदीत मिसळायचं आणि त्यातल्या औषधांना सरावलेले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नसत.

पुढे ते सांडपाणी आधी साफ करायला नदीकाठी बुरशीचे हौद बांधले. ती बुरशी पाण्यातलं औषध खाऊन टाकायची. सकीना बारा वर्षं तिथेच कामाला होती.

डॉक्टर टिळेकरांनी तिच्या जखमेतल्या जंतूंचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"मॅडम, कापायचा का पाय?"

"नाही गं! हे जंतू साध्या गोळ्यांनीच मरतील. असा रिपोर्ट मी पहिल्यांदाच बघतेय."

गोळ्या सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी सूज उतरली. सकीना चपला घालून उगाचच घरभर चालत राहिली.