थोरल्याच्या नावावर

"गाडी कोना नामे करवानी छे?" एजंटने पेनाचं टोपण काढत गुजरातीत विचारलं.

आरटीओच्या फाटकासमोर त्याचं टेबल होतं. टेबलाशी हिलाल आणि त्याची वहिनी सरलाबाई बसली होती. हिलालचा थोरला भाऊ भटू जाऊन महिना झाला होता. मृत्यूचा दाखला, विम्याचा कागद, टॅक्सची पावती, स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, सगळं एजंटने टाचून ठेवलं होतं. आता भटूच्या बायकोची सही झाली की मारुती व्हॅन नव्या नावावर चढणार होती.

व्हॅन खरी हिलालची. वर्षानुवर्षं गोडादऱ्यात कापडाचे लूम चालवून, बायकोच्या, मंगलाबाईच्या पाटल्या मोडून त्याने ती शहरात प्लेग आला त्याच्या आदल्या साली घेतली. हजीऱ्याच्या कारखान्यातल्या साहेबांची ने-आण करून तो घर चालवत होता. पण नोंदणीच्या दिवशी स्वतःचं नाव सांगायला त्याची जीभ रेटली नाही. बाप नाही, मग थोरला तोच बाप. त्याला डावलून गाडी धाकट्याच्या नावावर? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. भटूने छदाम दिला नव्हता, गल्लीत पेढे मात्र त्यानेच वाटले. हिलालला तेव्हा त्याचं बरंच वाटलं होतं. घरात जे शहाणपण असतं, त्याचा कचेरीत गाढवपणा होतो, हे त्याला कोण सांगणार?

वहिनीशी कसं बोलायचं ते त्याने वाटभर घोकलं होतं. सही नावापुरती आहे, गाडी माझीच, एवढंच सांगायचं होतं. पण पदर सारखा करून सरलाबाईच आधी बोलली.

"तुमना दादा म्हनेत, गाडी मनी शे, हिलालले पोटले चालाडाले दिधी शे. दोन पोरीस्नं कसं व्हई, म्हनीसन मी घाबरेल व्हतू. पन तो मानूस माले उघडावर टाकीसन गया नही."

महिन्याभरात पहिल्यांदाच तिची मान वर झाली होती.

गाडी आपलीच असं घरी सांगत आलेल्या भावाचा हिलालला राग आला, पण मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं? खरं बोलावं तर नवरा आपल्याला आयुष्यभर फसवत आला, हे तिला परक्यासमोर, टेबलाशी बसून ऐकावं लागलं असतं. न बोलावं तर स्वतःच्या पोटावर पाय.

"बोलो भाई," एजंट म्हणाला. "लाईन लांबी छे."

"भाभीना नामे," हिलाल म्हणाला.

सरलाबाईने अक्षर अक्षर जुळवत सही केली. नाव बदलायची फी आणि एजंटची मेहनत हिलालनेच चुकती केली. एजंटने पावती मात्र सरलाबाईच्या हातात दिली.

टेबलापासून उठून त्याने व्हॅनच्या दाराला हात लावला. घरी मंगलाबाई वाट बघत असेल. तिला काय सांगायचं, ते काही सुचेना.

सरलाबाईने त्याचा उतरलेला चेहरा पाहिला. तिला त्याची कीव आली.

"आप्पा, जीवले लाई लेवू नका," ती दिराला मायेने म्हणाली. "नाव मनं लागनं तरी गाडी तुम्हीच चालाडा. तुमनी नोकरी कोठे जात नही."