एकावर भार नको

परळच्या आमच्या ॲनिमेशन स्टुडिओत एकच दणकट वर्कस्टेशन घ्यायचं, की रेंडरिंगसाठी चार वेगळे कॉम्प्युटर, असा प्रश्न होता. सामंतसरांनी मला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं.

"चार घेऊ. एकावर सगळा भार टाकला की तो तापतो, बंद पडतो. चारांतला एक रिपेअरला गेला, तरी तीन काम ओढतात."

"बरोबर आहे, सर. मला गौरी-गणपतीला पाच दिवस गावी जायचंय."

"वेडी आहेस का, अपेक्षा? तू गेलीस तर काम कोण करणार? त्यापेक्षा हे चार कॉम्प्युटर कुठे मांडायचे ते बघ."

माझं डोकंच फिरलं.

"बघायचं काय त्यात? मे महिन्यात तुम्ही काढून टाकलेल्या चौघांची टेबलं रिकामीच आहेत."