नरसाळ्यातली टिकटिक

"आता जोड्या करा आणि एकमेकांचं हृदय ऐका," विज्ञानाच्या ताईंनी फर्मान सोडलं, आणि मागे पालकांच्या गर्दीत उभ्या असलेल्या आईनं झटकन लेकीकडे पाहिलं.

नरसाळ्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बसवलं, मागे नळी खोचली, की झाला स्टेथोस्कोप. शाळेच्या सभागृहात जमलेल्या पोरांनी तो स्वतःच्या हातानं बनवला होता. लेकीनंही. तेवढ्यावरच घरी जाता आलं असतं तर किती बरं झालं असतं! छातीवरचा ऑपरेशनचा व्रण कुणाला दिसू नये म्हणून आई लेकीचे सगळे झगे बंद गळ्याचे शिवायची. पोरं चिडवायला लागली की कुणाची गय करत नाहीत. पण आवाजाला कुठली गुंडी लावणार?

जोडीतल्या गोबऱ्या मुलानं नरसाळं लेकीच्या छातीला लावलं, नळी कानाशी धरली आणि ओरडला, "ताई, हिच्यात टिकटिक होतेय! घड्याळ गिळलंय हिनं!"

आई गर्दीतून वाट काढत पुढे निघाली. पोरीचा हात धरायचा आणि तडक घर गाठायचं.

लेक लालबुंद झाली होती. "गिळलं नाहीये काही," ती म्हणाली. "हृदयातली एक झडप धातूची आहे माझी. डॉक्टरांनी बसवलीय. ती वाजते."

गोबऱ्यानं पुन्हा ऐकलं. मग नरसाळं स्वतःच्या छातीला लावून पाहिलं.

"छ्या! माझं नुसतंच धपधप." चेहरा पडला बिचाऱ्याचा.

मग काय, रांगच लागली. "ढकलाढकली नको. एकेकानं या," लेक सगळ्यांना दटावत होती. आईला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

सगळ्यांचं झाल्यावर लेकीनं नळी आईपुढे धरली. "आई, आता तुझा नंबर."

"मला कशाला ग? मला रात्री ती टिकटिक नळीशिवायच ऐकू येते."

"रोज?"

"रोज. मध्येच थांबली तर, म्हणून जागीच..." आई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

लेकीनं नरसाळं आईच्या छातीला लावलं, बराच वेळ ऐकलं, आणि शहाण्यासारखी मान हलवली.

"आज तू झोप," ती म्हणाली. "आज मी ऐकते."